एटीव्हीमागे ओढायची मशागतीची अवजारे घरी बनवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक-दोन एकरांची बाग, फार्महाऊसभोवतीची जमीन किंवा ट्रॅक्टर वळत नाही अशी कोकणातील वाफ्यांची शेती, अशा ठिकाणी चारचाकी एटीव्ही (मोटारसायकलसारखे हँडल असलेली, कच्च्या रानात चालणारी गाडी) वापरून मशागत करता येईल का, अशी विचारणा गेल्या काही वर्षांत वाढली आहे. पुढील उत्तरे स्वतः बनवलेल्या, मोडलेल्या आणि पुन्हा जोडलेल्या अवजारांच्या अनुभवावर आधारलेली आहेत. येथे एटीव्ही म्हणजे ४०० ते ५०० सीसीची, चारही चाकांना जोर जाणारी गाडी असे गृहीत धरले आहे.

माझ्या एटीव्हीचे इंजिन ३० एचपीचे आहे. मिनी ट्रॅक्टर तर १५ एचपीचाही असतो. मग ट्रॅक्टरचे लहान अवजार हिच्यामागे का चालत नाही?

कारण अवजार इंजिन ओढत नाही. जमिनीला धरलेली चाके ओढतात, आणि चाकांची पकड गाडीच्या वजनावर अवलंबून असते. अशा एटीव्हीचे वजन साधारण २७० ते ३२० किलो, त्यावर चालक ७० किलोचा. म्हणजे एकूण ३५० ते ४०० किलो. मोकळ्या, भुसभुशीत रानात चाके या वजनाच्या फार तर ४० टक्के ओढ देतात, आणि तीही बरीच घसरून. दिवसभर, चाके न उकरता टिकणारी ओढ शंभर किलोच्या आसपासच राहते. मिनी ट्रॅक्टर एचपीने लहान असला तरी वजनाने दुपटीहून अधिक असतो.

आता हिशेब उलट्या बाजूने करून पाहावा. शंभर किलोची ओढ ताशी ४ किलोमीटर वेगाने देण्यासाठी जेमतेम दीड एचपी लागते. उरलेले साडेअठ्ठावीस एचपी रानात उपयोगी पडत नाहीत. ते फक्त चाके जागच्या जागी फिरवून खड्डा करू शकतात.

शंभर किलो ओढ हा आकडा आपल्याकडे नवा नाही. चारशे-साडेचारशे किलोचे दोन बैल आपल्या वजनाच्या दहा-बारा टक्के ओढ दिवसभर देतात, म्हणजे जोडी मिळून ८० ते १०० किलो. म्हणून एटीव्हीकडे छोटा ट्रॅक्टर म्हणून न पाहता, न थकणारी एक बैलजोडी म्हणून पाहावे आणि बैलांची अवजारे समोर ठेवूनच काम सुरू करावे. वखर, कोळपे (पिकाच्या ओळींमधले तण काढणारे अवजार), फळी यांची मापे आपल्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या घासून ठरलेली आहेत. परदेशातील चित्रफितींत दिसणारी अवजारे बहुधा हलक्या, वालुकामय जमिनीत चाललेली असतात. तीच काळ्या रानात आणली की गाडी अडून बसते.

मग नांगरट होणार नाही का?

खोल नांगरट होणार नाही. दख्खनच्या काळ्या रानात जड नांगराला पूर्वी तीन-तीन, चार-चार बैलजोड्या जुंपत असत. तेथे आपण एका जोडीच्या बळावर उतरत आहोत. मध्यम जमिनीत नांगराच्या तासाच्या (फाळाने पडणाऱ्या चराच्या) दर चौरस सेंटिमीटर छेदाला सुमारे अर्धा किलो ओढ लागते, भारी काळ्या जमिनीत ती पाऊण किलोपर्यंत जाते. १५ सेंटिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर खोल तास म्हणजे १५० चौरस सेंटिमीटर. मध्यम जमिनीत ७५ किलो झाले, भारी जमिनीत ११० च्या वर गेले. तेव्हा एका लहान फाळाने, वाफसा (माती ओलसर, पण न चिकटणारी) असताना, मध्यम रानात उथळ तास काढता येईल. पण एवढ्यासाठी नांगर बनवण्यापेक्षा वर्षातून एकदा भाड्याने ट्रॅक्टर सांगून नांगरट करून घ्यावी आणि पुढची सगळी हलकी मशागत एटीव्हीवर करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या अवजाराला किती ओढ लागते, हे घरच्या घरी मोजता येते का?

येते, आणि हे काम वेल्डिंगइतकेच महत्त्वाचे आहे. पोती मोजण्याचा, ३०० किलोपर्यंतचा लटकता डिजिटल काटा मिळतो. गाडी आणि अवजार यांच्या मध्ये, साखळीच्या जागी तो अडकवावा, आणि सावकाश, एकसारख्या वेगाने २०-३० मीटर ओढावे. आकडा सतत नाचतो, म्हणून कोणाला तरी बाजूने, पुरेसे अंतर राखून चालत मोबाइलवर त्याचे चित्रण करण्यास सांगावे आणि नंतर सावकाश पाहून सरासरी काढावी. सरासरी ९० किलोच्या वर गेली तर फाळ कमी करावेत किंवा खोली कमी करावी. कागदावरचे सगळे अंदाज, वर दिलेलेसुद्धा, या मोजमापापुढे दुय्यम आहेत.

पहिले अवजार कोणते बनवावे?

वखर, म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातील कुळव. एक आडवे दिंड, त्याखाली दोन दांडे आणि त्यांना धरलेली एक लांब पास (आडवे पाते), एवढेच त्याचे अंग. साठ सेंटिमीटरची पास पाच सेंटिमीटर खोलीवर, नांगरटीनंतरच्या मध्यम रानात साधारण ८० ते ९० किलो ओढ घेते, म्हणजे एटीव्हीला नेमकी पुरते. तण मुळाशी कापले जाते, ढेकळे फुटतात, वरचा थर मोकळा होतो आणि खालची ओल टिकते. हराळी आणि लव्हाळा मात्र वखराने जात नाहीत. तुकडे होऊन अधिकच पसरतात, त्यामुळे त्या रानात आधी गाठी आणि काशा वेचून काढाव्यात.

दुसरे अवजार म्हणून बदकाच्या पायाच्या आकाराचे पाच फाळ लावलेला कल्टिव्हेटर चांगला. फाळ दोन रांगांत, पुढे दोन आणि मागे तीन असे बसवावेत. एकाच रांगेत जवळजवळ लावले की धसकटे आणि पाचट त्यांत अडकून अवजाराचे दाताळे होते, पुढे ढीग साचतो, आणि दर दहा पावलांना उतरून तो साफ करावा लागतो. पहिल्या कल्टिव्हेटरच्या वेळी मी हीच चूक केली होती.

सांगाड्याला कोणते लोखंड घ्यावे?

आडव्या दांड्यासाठी ५० × ५० मिलिमीटरचा, ५ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप पुरेसा होतो. त्याचे वजन मीटरला सुमारे ७ किलो भरते. लांबी गाडीच्या रुंदीएवढी, म्हणजे १२० सेंटिमीटरच्या आसपास ठेवावी. त्यामुळे चाकांनी दाबलेली जमीनही मोकळी होते. चौकोनी पाइपाचा खरा फायदा असा की, त्याला यू-बोल्टने काहीही आवळता येते आणि सरकवता येते. आज पास, उद्या कोळप्याचे फाळ, परवा सरी पाडायचा फाळ, असा एकच दांडा अनेक कामे करतो.

हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेने बैलांसाठी अशीच, दोन चाकांच्या एका गाड्यावर निरनिराळी अवजारे बसवण्याची पद्धत चाचण्यांतून विकसित केली होती. कामाला ती उत्तम होती, परंतु एका जोडीच्या शेतकऱ्याला किमतीने जड गेली. भंगारातील लोखंडातून घरी बनवणाऱ्याला ती अडचण बरीच कमी भासते.

भंगारात जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप स्वस्त मिळाला तरी त्याचे वेल्डिंग करताना जस्ताचा धूर निघतो व तो छातीत बसतो. जोडाच्या जागचे जस्त आधी घासून काढावे आणि काम उघड्यावर करावे. रुळाचा तुकडा वजनासाठी फार सोयीचा दिसतो, पण रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे. भंगारवाला ‘चालतंय की’ म्हणाला तरी तो तुकडा तेथेच राहू द्यावा.

पास आणि फाळ कशाचे करावेत? वेल्डिंग करावे की नटबोल्ट?

ट्रकच्या जुन्या स्प्रिंग पाट्यांइतका चांगला माल या कामाला दुसरा नाही. साध्या लोखंडाची पट्टी मुरमाड रानात एका हंगामात घासून बोथट होते. पाटा कितीतरी अधिक टिकतो. मात्र पाट्यात कार्बन जास्त असल्यामुळे तो थंड अवस्थेत साध्या वेल्डिंग रॉडने सांगाड्याला जोडला, की जोडाच्या शेजारची जागा काचेसारखी ठिसूळ होते. वरून जोड सुरेख दिसतो आणि पहिल्याच दगडाला टक्कन तुटतो. जोडायचाच असेल तर पाटा २०० ते ३०० अंशांपर्यंत तापवून, कोरडे ठेवलेले ७०१८ क्रमांकाचे वेल्डिंग रॉड वापरून जोडावा आणि कोरड्या राखेत पुरून सावकाश निवू द्यावा. याहून सोपा मार्ग म्हणजे पाट्याला भोके पाडून तो १२ मिलिमीटरच्या, ८.८ दर्जाच्या बोल्टने बसवणे. झिजला की काढून बदलता येतो, हा वरचा लाभ. भोक पडत नसेल तर ती जागा लालबुंद तापवून राखेत रात्रभर ठेवावी. सकाळी ड्रिल सहज चालतो.

धारेबद्दल दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. धार वरच्या बाजूने उतरती करावी आणि पाशीची खालची बाजू सपाट ठेवावी. खालून धार काढली तर ती बाजू झिजून गोल होते आणि पास जमिनीत शिरण्याऐवजी वर तरंगू लागते. दुसरे म्हणजे पास आडव्याला २० ते २५ अंश झुकलेली असावी. हा कोन ४५ अंशांच्या पुढे गेला की पास माती कापत नाही, पुढे ढकलते, आणि ओढ एकदम चढते. गावात लोहार अजून काम करत असेल तर पास शेवटून घेणे (तापवून, ठोकून धार काढणे) आणि तिला पाणी देणे त्याच्याकडेच सोपवावे. तापलेल्या लोखंडाचा रंग पाहून ते नेमके केव्हा बुडवायचे, हे त्याच्या डोळ्याला कळते.

डिस्क हॅरो बनवावा का? तो तर नुसता गोल गोल फिरतो, ओढ कमी लागत असेल.

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि सर्वांत जास्त पैसे याच अवजारात वाया जातात. फाळाला योग्य कोन दिला की तो स्वतःच जमिनीत शिरतो. डिस्कचे, म्हणजे गोल तव्याचे, तसे नाही. तो केवळ वजनाने शिरतो. सोळा इंची तव्याला जमिनीत उतरायला प्रत्येकी किमान २० ते ३० किलो वजन हवे. आठ तव्यांचा हॅरो म्हणजे दोनशे किलो, आणि हे ओझे गाडीच्या मागे लोळवत न्यायचे. हलका केला तर तो कडक रानावर नुसत्या रेघा ओढतो. माझा पहिला हॅरो ९० किलोचा होता. त्याने गवताला मालिश केले, एवढेच म्हणता येईल. त्यावर वाळूची पोती रचली, तेव्हा वळणावर पोती आधी वळली आणि हॅरो नंतर.

तरीही जमीन हलकी असेल, गवत फार असेल, तर चार तव्यांची एकच रांग करावी. चालण्याच्या दिशेला काटकोनात असलेल्या आडव्या रेषेपासून रांगेचा तिरकसपणा १५ ते २५ अंशांत बदलता येईल अशी भोके ठेवावीत. तिरकसपणा वाढला की खोली आणि ओढ दोन्ही वाढतात. एकच तिरकी रांग गाडीला बाजूला ढकलते, हे लक्षात घेऊन पुढच्या फेरीत उलट दिशेने जावे. मधल्या आसाला एक इंची चौरस सळई घ्यावी. पेडस्टल बेअरिंग मात्र जमिनीच्या इतक्या जवळ धुळीने लवकर जातात. तेलात भिजवलेल्या कठीण लाकडाचे ठोकळे बुश म्हणून वापरले तर ते दिसायला गावठी असतात, पण हंगाम काढतात आणि झिजल्यावर चुलीतही घालता येतात.

अवजार गाडीला नेमके कोठे बांधावे?

खालच्या ओढ-पट्टीला, म्हणजे मागच्या आसाच्या मध्यापेक्षा खाली. सामानाच्या कॅरिअरला कधीही नाही. दोर उंचावर बांधला आणि फाळ मुळीत अडकला, तर चालक गॅस वाढवतो, मागची चाके जमिनीला धरून राहतात आणि गाडी पुढून उचलली जाऊन चालकाच्या अंगावर मागे उलटते. हे सगळे घडायला एक क्षण पुरतो. उतरायलाही वेळ मिळत नाही. ऑस्ट्रेलियात शेतावर अशा गाड्या उलटून होणाऱ्या मृत्यूंमुळे, ऑक्टोबर २०२१ पासून विक्रीच्या सर्वसाधारण वापराच्या नव्या क्वाड बाइकला (एटीव्हीचेच दुसरे नाव) चालकाच्या बचावासाठी चौकट असणे सक्तीचे झाले आहे. आपल्याकडे तशी सक्ती नसली तरी गुरुत्वाकर्षण तेच आहे.

फाळ दगडाला लागल्यास काय करावे?

दगडाला लागणारच, हे गृहीत धरून अवजार बनवावे. प्रत्येक फाळाचा दांडा सांगाड्यात दोन बोल्टांवर बसवावा. खालचा जाड बोल्ट बिजागरीचे काम करतो आणि वरचा ६ मिलिमीटरचा, साध्या मऊ लोखंडाचा बोल्ट मुद्दाम तुटण्यासाठी असतो. उदाहरणार्थ, फाळाचे टोक बिजागरीपासून ४५ सेंटिमीटर खाली आणि तुटणारा बोल्ट साडेसात सेंटिमीटर वर असेल, तर टोकावरचा जोर बोल्टवर सहापट होऊन पोहोचतो. असा बोल्ट एका जागी कापला जाताना साधारण ४५० ते ५०० किलोला तुटतो. म्हणजे टोकावर ८० किलोच्या आसपास जोर आला की तो सुटतो आणि फाळ मागे झुकतो. नेहमीच्या कामात एका फाळावर १५ ते २० किलोच जोर असतो, त्यामुळे तो उगाच तुटत नाही. खिशात डझनभर बोल्ट ठेवावेत. तेथे कोणी ‘मजबूत असावा’ म्हणून कडक बोल्ट घातला तर बोल्ट वाचतो आणि गाडीची चौकट वाकते.

शेताच्या टोकाला वळताना अवजार उचलायचे कसे?

सांगाड्याला हातगाडीची दोन चाके आणि मीटरभर लांब पाइपाची तरफ, तिला अडकण्यासाठी खाचांची पट्टी. एवढे पुरते. त्याच खाचांवरून खोलीही ठरवता येते. काही जण गाडीच्या पुढच्या विंचची (विजेवर तार गुंडाळणाऱ्या यंत्राची) तार कप्पीवरून मागे आणून अवजार उचलतात. दर वळणाला विंच चालवली की एटीव्हीची लहान बॅटरी दुपारपर्यंत मान टाकते.

ढेकळे फोडण्यासाठी आणि रान सपाट करण्यासाठी काय वापरावे?

बाभळीचा ओंडका किंवा जाड फळी दोन साखळ्यांनी ओढावी. यापेक्षा काही बनवू नये, असे म्हणण्याचा मोह होतो. ओंडका थोडा तिरका बांधला तर माती एका बाजूला सरकते, सरळ बांधला तर दाबली जाते.

रोलर हवाच असेल तर २०० लिटरचा लोखंडी पिंप पाण्याने भरला की वजन सव्वादोनशे किलोच्या घरात जाते. चाऱ्याचे किंवा लॉनचे बारीक बी फेकल्यावर ते मातीला चिकटण्यासाठी तो उपयोगी आहे. ओल्या काळ्या मातीत मात्र तो फिरवू नये; माती पिंपाला गुंडाळली जाते आणि मागे राहते ती वाळून कडक पापडी होते. उतारावर भरलेला पिंप हे वेगळेच संकट आहे. ओढायला मऊ वाटणारे हे ओझे उतरताना मागून ढकलते, म्हणून रोलर दोराने वा साखळीने कधीही न बांधता कडक दांड्यानेच जोडावा आणि चढ-उताराच्या रानात तो रिकामाच न्यावा.

पेरणी आणि कोळपणी जमेल का?

पारंपरिक तिफण (बैलांमागची तीन फणांची पाभर) मागे बांधू नये. चाड्यावर (बी सोडायच्या वाटीवर) मूठ सोडणाऱ्याचा हात बैलांच्या चालीला सरावलेला असतो. गाडी त्याहून दीडपट-दुप्पट वेगाने जाते, बी विरळ पडते आणि तो माणूस गाडीमागे धुळीत धावत राहतो. जमिनीवर फिरणाऱ्या चाकाने बियांची तबकडी फिरवणारे पेरणी यंत्रच घ्यावे, कारण तेथे वेग बदलला तरी दोन दाण्यांतील अंतर फारसे बदलत नाही. हा भाग घरी बनवण्यात शहाणपण नाही. तयार पेटी आणून आपल्या दांड्यावर बसवावी.

कोळपणीचा हिशेब चाकांवरून करावा. एटीव्हीच्या डाव्या-उजव्या चाकांच्या मध्यांमधील अंतर साधारण ९० सेंटिमीटर असते. सोयाबीन ४५ सेंटिमीटरवर पेरले असेल तर दोन ओळी गाडीच्या पोटाखाली येतात आणि २५ सेंटिमीटर रुंदीचे टायर बाजूच्या पट्ट्यांतून, दोन्हीकडे जेमतेम अर्धी वीत जागा ठेवून जातात. गाडीच्या पोटाची उंची २५ ते २८ सेंटिमीटर असल्यामुळे पीक त्याहून वाढले की शेंडे मोडतात. म्हणजे पेरणीनंतर तीन आठवड्यांच्या आतली पहिली कोळपणीच काय ती साधते. दुसरी हाताने किंवा सायकल कोळप्याने करावी.

गाडीवर याचा काय परिणाम होतो?

बहुतेक एटीव्हींमध्ये गिअरपेटीआधी रबरी पट्टा असतो. जड ओढ आणि कमी वेग यांत तो घसरून तापतो. मशागतीत नेहमी ‘लो’ गिअरच ठेवावा, आणि जळक्या रबराचा वास आला की ताबडतोब थांबून पंखा चालू ठेवून गाडी निवू द्यावी. रेडिएटरच्या जाळीत माती आणि गवताचे कुसळ बसते. रोज संध्याकाळी ती मागच्या बाजूने पाण्याने धुवावी. हवेची गाळणी मशागतीच्या दिवसांत रोज पाहावी.

समुद्रकिनाऱ्यावर पर्यटकांना फिरवलेली जुनी एटीव्ही स्वस्तात मिळते. घ्यावी का?

बहुतेक वेळा घेऊ नये. खाऱ्या वाळूत चाललेल्या गाडीची चौकट आतून गंजलेली असते आणि त्या गाड्यांपैकी अनेक लहान इंजिनाच्या, फक्त मागच्या चाकांना जोर देणाऱ्या असतात. अशा गाडीची टिकणारी ओढ ५० किलोच्या आतच राहते, म्हणजे एक लहान कोळपे.

मोटारसायकलवर हे होऊ शकते का?

होऊ शकते, झालेलेही आहे. गुजरातच्या अमरेली जिल्ह्यातील मनसुखभाई जगानी यांनी बुलेट मोटारसायकलचे मागचे चाक काढून तेथे दोन चाके आणि अवजाराचा दांडा बसवला. ‘बुलेट सांती’ या नावाने ती सौराष्ट्रात पसरली. तेथील उथळ मशागतीला आणि कोळपणीला ती पुरते. पण तिथे मूळ वाहनच बदललेले आहे, नुसते अवजार मागे बांधलेले नाही.

अवजार लावून रस्त्यावरून दुसऱ्या शेतात जाता येईल का?

भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक एटीव्ही सार्वजनिक रस्त्यासाठी नोंदवलेल्या नसतात. तेव्हा टेम्पोत घालून न्यावे.

पहिली चाचणी कशी घ्यावी?

वाफशावर. मूठभर माती दाबून लाडू करावा आणि कमरेच्या उंचीवरून सोडावा. तो फुटून मोकळा झाला तर वाफसा आहे, चपटा होऊन पडला तर अजून दोन दिवस थांबावे. दगड माहीत असलेला, सपाट पट्टा निवडावा. खोली तीन सेंटिमीटरवर ठेवून, काटा अडकवून एक फेरी मारावी, उतरून सगळे बोल्ट हाताने तपासावेत, मग खोली एका खाचेने वाढवावी. तिसऱ्या फेरीनंतर मागच्या चाकांचे ठसे पाहावेत. टायरच्या नक्षीचे चौकोन मातीत स्वच्छ उमटले असतील तर ओढ बेतात आहे. ठसे पुसट होऊन लांबलेले दिसले तर चाके घसरत आहेत, आणि कडेचे दोन फाळ तेथेच काढून बांधावर ठेवावेत.